आत्या, बस ना

सोमवार, दुपार

काल रात्रीपासून एकच शब्द डोक्यात अडकलाय, आणि तोही दोन अक्षरी. कोणाला सांगायला गेले तर हसतील. मलाही हसू यायला पाहिजे खरं तर, पण अजून आलेलं नाही.

झालं असं की काल संध्याकाळी दादाच्या पोरांना घेऊन गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) जायचं होतं, पण धरणातून पाणी सोडलेलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आल्याचे फोटो सकाळपासून ग्रुपवर फिरत होते, त्यामुळे आईने आधीच सांगून टाकलं की कोणी घराबाहेर पडायचं नाही. त्यात सातला लाईट गेली. टीव्ही बंद, वायफाय बंद, दादाचा मूड आधीपासूनच बंद. तेव्हा मीच म्हटलं, चला कोडी घालू. मीच म्हटलं, हे लिहून ठेवते.

सोनूने सुरुवात केली, असा कोणता वडा जो खाता येत नाही. आठवडा. मग असा कोणता खाना जिथे जेवायला नाही, सुई टोचून घ्यायला जातात. दवाखाना. चिऊचं होतं मोबाईलमध्ये कोण लपलंय, तर बाई. मग सोनूने स्वतः तयार केलेलं घातलं, कोणत्या धरणाच्या नावातच पूर आहे, तर गंगापूर, आणि हे खरंच भारी होतं, नऊ वर्षांच्या पोराने बातम्या बघता बघता जुळवलेलं, त्याला नीट शाबासकी द्यायला हवी होती. पण त्याचं वाक्य संपायच्या आत माझ्या तोंडून उत्तर गेलेलं. सगळ्यांचीच उत्तरं मी दिली. आईने तिची ठेवणीतली काढली, सुपभर लाह्या त्यात एकच रुपया, ती तर मी रुपयापर्यंत पोचूच दिली नाही. चांदण्या आणि चंद्र. बत्तीस पिंपळांना एकच पान? दात आणि जीभ. कोकणातनं आली सखी, तिच्या मानेवर मारली बुक्की, तिच्या घरभर लेकी? लसूण. यावर चिऊ म्हणाली लसणीला बुक्की कशाला मारायची, तर तिला लसूण फोडतात कसा तेही दाखवायला उठले, कारण त्यांच्याकडे पेस्टची बाटली येते. मग उठलेच आहे तर मेणबत्ती बदलायला गेले, आणि उभ्या उभ्याच सोनूच्या पुढच्या कोड्याचं उत्तर दिलं.

तेव्हा चिऊ म्हणाली, "आत्या, बस ना."

बास, इतकंच. (बघा, इथे मी बास लिहिलं.)

मी बसले. मग कोणी कोडं घातलंच नाही, पाच मिनिटांनी लाईट आली, सगळे टीव्हीकडे वळले, वहिनीने वरणभात लावला. आज पहाटे ते पुण्याला गेले. आणि मी इथे त्या 'बस'चं काय करू ते कळत नाहीये. खाली बस, आमच्यात बस, असं म्हणाली का, की बस झालं आता, पुरे? मी उभी होते, मेणबत्तीच्या आड आले होते, म्हणजे खाली बस हे सरळ आहे. शिवाय पुरे म्हणायचं असलं की ती बास म्हणते, "बास ना आई" हे दोन दिवसांत वीसदा ऐकलंय. पण शाळेत सगळं हिंदी चालतं तर बस पण म्हणत असेल. अंधारात काना काय दिसतो.

आणि तो 'ना'. 'ना' आग्रहालाही असतो आणि वैतागालाही.

आप्पा असते तर म्हणाले असते, पद कुठे तोडतेस त्यावर आहे सगळं. त्यांचं एक आवडतं होतं, संस्कृतातलं. वडील मुलाला म्हणाले, माझ्या आज्ञेने पत्र लिही. न तेन लिखितं पत्रम्, म्हणजे त्याने पत्र लिहिलं नाही. तरीही पितुराज्ञा न लङ्घिता, वडिलांची आज्ञा काही मोडली नाही. हे कसं? वाड्याच्या ओट्यावर, लोडशेडिंगच्या अंधारात हे घातलं होतं आम्हाला, मी सहावीत असेन. उत्तर मागितलं की एकच, "सकाळी सांगतो." सकाळी विचारलं की सकाळ म्हणजे उद्याची. तीन दिवस मी 'नाही लिहिलं' याच्याच मागे. शेवटी दादाने ओळखलं, न आणि तेन वेगळे नाहीतच, नतेन, म्हणजे मान लववून. मुलाने मान खाली घालून पत्र लिहिलं. दादाने ओळखलं आणि मला आठवडाभर सांगितलं नाही. आमचं तेव्हापासूनच जे काय आहे ते… जाऊ दे.

तर त्या सुट्टीत मी सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, जाऊन कोड्यांची पुस्तकं आणायला लागले. १८४० पासूनचं वाचनालय ते, तिथे कोडी, उखाणे, हुमाणं, जे म्हणाल ते मिळायचं, आणि पूर्वी उखाणा म्हणजेही कोडंच, नाव घेण्यापुरता तो नंतर उरला, हेही मला तिथेच कळलं. मी सोडवायची नाही हं, मागचं पान आधी उघडायची. उत्तरं पाठ. पुढच्या अंधारात दादाच्या आधी बोलायचं एवढंच होतं. दादा आता खेळतसुद्धा नाही, काल तो कोपऱ्यात फोनची बॅटरी वाचवत बसला होता, आणि मी अजून त्याच्या आधी बोलतेय. दोन पोरांच्या अंगावरून.

म्हणजे पुरे याच अर्थाने म्हणाली असणार. मीही म्हणाले असते.

माझंच कोणी ऐकत नाही या घरात असं सकाळी भांडी घासताना वाटत होतं, डोळ्यात पाणीही आलं, मग लक्षात आलं की काल रात्री माझ्याशिवाय कोणाचंच ऐकू येत नव्हतं.

रात्री, साडेनऊ

चिऊचा व्हिडिओ कॉल आला. पोचल्याचं सांगायला नाही, कोडं घालायला. गाडीत सुचलं म्हणे, नारायणगावच्या आसपास.

"तीन अक्षरी गाव. पहिलं अक्षर खाल्लं तर आई मागे लागते. मधलं खाल्लं तर शेंबूड येतो. शेवटचं खायचं नाही."

मी म्हटलं सोप्पंय, सातारा, तारा आणि सारा. ती म्हणाली शेंबूड कुठाय? मग पैठण घेतलं, तर खाली पैण उरतं, ते काही कामाचं नाही. येवला, निफाड, सगळी गावं तोडून झाली. आई शेजारी जप करत होती, तिच्या तोंडावरून दिसत होतं की तिला आलंय, आणि ती बोलली नाही. एक शब्द नाही. माळ ओढत राहिली. असं पण करता येतं हे मला बघायला मिळालं.

शेवटी म्हटलं, हार.

"शेवंतीचा की झेंडूचा?" चिऊ म्हणाली आणि स्वतःच खिदळत बसली, मग म्हणाली, "नाशिक!"

शिक. आणि नाक. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, ही गोष्ट तपोवनात नेलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ऐकवलीय, कोणी नव शिखरांवरून नाव पडलं म्हणतात तेही वर जोडते, पण मधला शि उचलला की चक्क नाक उरतं हे इतकी वर्षं इथे राहून दिसलं नाही. मागच्या पानावर नव्हतं ना.

मग न राहवून विचारलंच. काल तू मला बस ना म्हणालीस, ते कुठलं?

ती गप्प. मग, "मी म्हणाले?" तिला आठवतच नव्हतं. मी आदल्या रात्रीपासून जे उशाशी घेऊन झोपले ते तिच्या आसपासही नव्हतं. पण शब्द मात्र तिने उचलला. "बस म्हणजे खाली बस, बस म्हणजे पुरे, आणि बस म्हणजे एसटी. एकाच्यात तीन! आत्या हे मस्तय, हे मी उद्या शाळेत घालते. पण तुला कुठलं वाटलं होतं?"

जीभ टाळूपर्यंत आली होती.

म्हटलं, सकाळी सांगते.