रिबेरा चौकात एसटीचे काका थांबले तेव्हा

मी टूर मॅनेजर आहे. मराठी ग्रुप घेऊन युरोपात जायचं आणि सगळ्यांना सामानासकट सुखरूप परत आणायचं हे माझं काम. ह्या वेळच्या स्पेन-पोर्तुगाल टूरवर पोर्तोमधली एक दुपार अशी गेली की ती अजून डोक्यातून जात नाहीये, त्यात ऑफिसकडून त्याबद्दल मेलही आलाय, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

टूरच्या कागदावर ती दुपार एका ओळीची आहे. रिबेरा चौकात फोटो स्टॉप, मग डोरो नदीत सहा पुलांची क्रूझ, मग इंडियन डिनर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ह्यात काय, पण ह्या ओळीमागे ड्रायव्हरचं घड्याळ असतं. युरोपात कोचच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास ब्रेक घ्यावाच लागतो, दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर ड्रायव्हिंग करता येत नाही, आणि गाडीतल्या टॅकोग्राफमध्ये प्रत्येक मिनिट नोंदलं जातं. त्यामुळे कुठेही वीस मिनिटं जास्त गेली की ती शेवटी डिनरमधून नाहीतर हॉटेलच्या वेळेतून कापली जातात. शिवाय कोच चौकापर्यंत जात नाही, तो जुन्या कस्टम हाउसच्या, म्हणजे अल्फांदेगाच्या बाजूला सोडतो आणि तिथून नदीकाठाने चालायचं, खाली सगळा दगडी रस्ता, ग्रुपमध्ये अर्धी माणसं गुडघेदुखीची. टॉयलेट कुठे, सुट्टे युरो किती लागतील, व्हिस्परची, म्हणजे ग्रुपला माझं बोलणं कानात ऐकू येतं त्या यंत्राची, बॅटरी चार्ज आहे का, ह्यातच डोकं गुंतलेलं असतं.

पण रिबेरा मला फार आवडतो, हे आधीच सांगते. चौक मोठा नाहीये. तीन बाजूंना उंच, अरुंद, एकमेकांना चिकटलेली घरं, कुठे टाइल्स, कुठे पिवळा-तांबडा रंग, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, आणि चौथी बाजू सरळ नदीला उघडी. पलीकडच्या काठावर गाया नावाचं शहर, तिथे पोर्ट वाइनची कोठारं आणि पूर्वी वरच्या खोऱ्यातून वाइनची पिंपं आणणाऱ्या राबेलो होड्या. अठराव्या शतकात जुआंव द आल्मादा नावाच्या अधिकाऱ्याने हा चौक नव्याने आखायला घेतला, कमानींची सलग रांग करायचा बेत होता, तो अर्धाच पुरा झाला. जवळच एक छोटा दरवाजा आहे, पोस्तिगु दु कार्वांव, चौदाव्या शतकातल्या तटबंदीत असे कितीतरी दरवाजे होते, त्यातला आता हा एकच उरलाय. 1996 पासून हा सगळा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. लोक ह्या चौकाला सुंदर म्हणतात आणि सुंदर आहेच, पण इथल्या घरांनी 1909 आणि 1962 चे पूर अंगावर घेतलेत. नदी सोडून ह्या चौकाची गोष्ट सांगताच येत नाही.

आणि एक, हे मला प्रत्येक टूरला खटकतं. चौकातून दिसणारा तो मोठा दुमजली लोखंडी पूल, दों लुईश पहिला, आयफेलने बांधला असं अर्ध्या ब्रोशर्समध्ये छापलेलं असतं आणि आमचे काही टूर मॅनेजरही बिनधास्त ठोकून देतात. तो 1886 चा पूल तेओफिल सेरिगचा. सेरिग आधी आयफेलचा भागीदार होता, नंतर वेगळा झाला. आयफेलच्या कंपनीचा पूल वरच्या अंगाला आहे, मारिया पिया, 1877 चा, रेल्वेचा. एवढे पैसे भरून आलेल्या माणसाला खरी माहिती मिळायला नको का?

तर त्या दुपारी हे सगळं सांगत मी आणि आमच्या लोकल गाइड बाई ग्रुपला चौकातून पुलाकडे घेऊन चाललो होतो. बाई पोर्तोच्याच, साठीच्या आसपास, फार मन लावून सांगणाऱ्या. पुलाच्या थोडं अलीकडे भिंतीत एक ब्राँझचं शिल्प आहे, आल्मिन्याश द पोंत, 1897 सालचं. लोक नदीत पडतायत, वर हात करतायत, असं दृश्य. खाली मेणबत्त्या आणि फुलं. लोखंडी पूल नव्हता तेव्हा इथे होड्या एकमेकींना बांधून त्यावर फळ्या टाकलेला पूल होता, 1806 मध्ये केलेला. 29 मार्च 1809 ला मार्शल सूल्तचं फ्रेंच सैन्य शहरात घुसलं, लोक जीव घेऊन गायाकडे पळायला लागले, सगळी गर्दी ह्या पुलावर आली आणि पूल मोडला. किती माणसं बुडाली त्याचा नेमका आकडा कुणाकडे नाही, हजारोंनी गेली असं सांगतात. दोनशेपेक्षा जास्त वर्षं झाली तरी तिथे अजून मेणबत्त्या लागतात.

हे ऐकून ग्रुप पुढे सरकला, कारण पुलाच्या खालच्या मजल्यावरून तिथली पोरं नदीत उड्या मारत होती आणि सगळ्यांना त्याचा व्हिडिओ हवा होता. पोरं उडीआधी पैसे मागतात. आमच्यातल्या दोघा-तिघांनी पैसे दिले आणि अजून एकदा मार म्हणून सांगितलं. ते मला बघवलं नाही आणि मी तसं स्पष्ट बोलले.

मोजणी केली तर दोन माणसं कमी. मागे बघितलं तर काका शिल्पासमोर उभे, काकू बाजूला, काकांनी टोपी हातात घेतलेली.

हे काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. मुलाने पैसे भरून दोघांना पाठवलं होतं. अख्ख्या टूरमध्ये ते कोचमध्ये पहिल्या सीटवर बसायचे आणि ड्रायव्हरचे हात बघायचे. टॅकोग्राफचं सगळं मला खोदून खोदून विचारलं होतं त्यांनी, ब्रेक घेतला नाही तर काय होतं, दंड कुणाला, ड्रायव्हरला की मालकाला. भाषा येत नसताना आमच्या ड्रायव्हरशी त्यांची गट्टी जमली होती.

मी जवळ गेले तर म्हणाले, "मॅडम, इथं नावं नाहीत का कुणाची?"

म्हटलं, काका, इतकी माणसं, पळापळीत गेली, कोण लिहून ठेवणार.

"सावित्रीच्या वेळी पण तेच," ते म्हणाले. "रिझर्वेशनवाल्यांची नावं तरी असतात. रस्त्यात हात दाखवून चढलेल्या माणसाचं काय? तिकिटाचं मशीन कंडक्टरकडं, आणि कंडक्टर गाडीत."

मला एकदम लिंक लागली. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र, मुंबई-गोवा हायवे, महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल. पुरात पूल गेला आणि मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी आणि काही छोट्या गाड्यांतली माणसं अंधारात सरळ नदीत गेली. काका त्याच हायवेवर ड्युटी करायचे. दोन दिवस आधी त्याच पुलावरून त्यांनी गाडी काढली होती. "काय कळणार मॅडम, रात्री पावसात हेडलाइट दहा-पंधरा फूट टाकतो. पुढं रस्ता आहे असं धरूनच ड्रायव्हर चालवतो." मग क्रेनला मोठं लोहचुंबक बांधून गाड्या कशा शोधत होते, गढूळ पाण्यात पाणबुड्यांना काही दिसत कसं नव्हतं, आपले लोक काठावर दिवसभर कसे उभे असायचे, ते सगळं सांगायला लागले. काकू म्हणाल्या, "घरी हे कधी बोलत नाहीत." मी घड्याळाकडे बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं.

गाइड बाई परत आल्या होत्या. काय झालं विचारलं म्हणून मी इंग्लिशमध्ये थोडक्यात सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या की ह्याच नदीवर, इथून वर, एन्त्रे-ओश-रियुश म्हणून गाव आहे, तिथेही हेच झालं, त्यांना सांगशील का. मग त्या सांगत गेल्या आणि मी मराठीत करत गेले. 4 मार्च 2001, रविवारची रात्र, नदीला पूर. एकोणिसाव्या शतकातल्या पुलाचा एक खांब खचला आणि एक बस आणि तीन गाड्या नदीत गेल्या. 59 माणसं. काही मृतदेह पार स्पेनच्या किनाऱ्याला लागले, कित्येक सापडलेच नाहीत. कारण काय, तर खांबाच्या बुडातली वाळू वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाने गेलेली आणि देखभाल कुणी केली नाही.

"वाळू?" काका म्हणाले. "तिथं पण वाळू?"

बस कुठून येत होती, हे त्यांनी विचारलं, ड्रायव्हरचा पहिला प्रश्न तोच असणार. बाई म्हणाल्या, सहलीहून. डोरोच्या वरच्या खोऱ्यात फेब्रुवारी-मार्चला बदामाची झाडं फुलतात, ती बघायला दिवसभराची ट्रिप काढतात लोक, आसपासच्या गावची माणसं ती ट्रिप करून घरी परतत होती. म्हणजे ती टूरची बस होती. हे वाक्य मराठीत करताना माझा आवाज अडकला. एक ग्रुप, दिवसभर फिरून दमलेला, घरापासून थोड्याच अंतरावर. मी रोज रात्री कोचमध्ये माइक हातात घेऊन उद्याचा वेक-अप कॉल सांगते, तेव्हा असेच दमलेले चेहरे समोर असतात.

बाईंनी हेही सांगितलं की तिथल्या बांधकाम मंत्र्याने त्याच रात्री राजीनामा दिला, आणि पुढे कोर्टात इंजिनिअर मंडळी निर्दोष सुटली. काका पहिल्या गोष्टीवर काहीच बोलले नाहीत. दुसऱ्यावर फक्त "हं" म्हणाले. तिथे नदीकाठी देवदूताचा मोठा पुतळा उभारलाय आणि खाली सगळ्यांची नावं आहेत, हे ऐकल्यावर मात्र म्हणाले, "जाता येईल का मॅडम?" मला नाही म्हणावं लागलं. रस्त्याने एका बाजूचाच तासभर, आणि ड्रायव्हरचे तास संपत आलेले. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, त्यांनीच मान हलवली. बाईंनी फोनवर पुतळ्याचा फोटो काढून दिला, काकांनी तो मोठा करून करून बघितला. शेजारच्या दुकानातून काकूंनी मेणबत्ती आणली आणि दोघांनी ती शिल्पाखाली लावली. पुलाच्या तोंडाशीच इथल्या एका नावाड्याचं शिल्प आहे, लोक त्याला दूक द रिबेरा म्हणायचे, त्याने आयुष्यभर ह्या नदीतून बुडणारे वाचवले आणि बुडालेले बाहेर काढले. बाईंनी काकांना मुद्दाम तिथे नेलं. काका त्या ब्राँझला नमस्कार करून आले.

आमची बोट गेली. बाईंनी काउंटरवर बोलून पुढच्या बोटीत सगळ्यांना बसवलं, म्हणजे क्रूझ कुणाचीच बुडाली नाही. डिनर अर्धा तास उशिरा झालं. ग्रुपमधल्या बहुतेकांना मी बोटीत काय झालं ते सांगितलं आणि लोक चांगले वागले, तिघी-चौघी काकूंजवळ जाऊन बसल्या. पण एका गृहस्थांनी फीडबॅक फॉर्मवर लिहिलं की टूर मॅनेजरने एका पॅसेंजरसाठी चाळीसेक लोकांचा वेळ घालवला आणि हॉलिडेवर अपघाताच्या गोष्टी सांगितल्या. ऑफिसचा मेल त्यावरून. "टूरवर निगेटिव्ह कंटेंट टाळावा" असं त्यात आहे.

मला हे पटत नाही. वेळेची तक्रार मी समजू शकते, पैसे भरलेत, उशीर झाला तर माणूस बोलणारच. पण त्या चौकात नदीत गेलेल्या माणसांची आठवण तिथल्या लोकांनी भर रस्त्यावर, येता-जाता दिसेल अशी ठेवलीये, आणि आम्ही तिथून आपल्या माणसांना फक्त रंगीत भिंती दाखवून न्यायचं? सावित्रीवरचा नवा पूल जून 2017 मध्ये सुरूही झाला, चांगलंच झालं, पण जुन्या पुलाची तपासणी नीट का झाली नाही हा प्रश्न काका अजून घेऊन फिरतायत, आणि तो त्यांनी पोर्तोत, ब्राँझच्या शिल्पापुढे उभं राहून विचारला. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, बाईंकडेही नव्हतं.

ऑफिसला मी उत्तर पाठवलंय. माफी मागितलेली नाही. लिहिलंय की रिबेराला पंचवीस मिनिटं वाढवा, क्रूझचा स्लॉट अर्धा तास पुढे घ्या, तो ग्रुप बुकिंगमध्ये मिळतो, आणि त्या दिवशी सकाळचा शॉपिंग स्टॉप काढून टाका म्हणजे ड्रायव्हरचे तास बसतात. खाली पूर्ण टाइमिंग मांडून दिलंय, कोचच्या ब्रेकसकट. पुढच्या बॅचला गाइड त्याच बाई मिळाव्यात म्हणून त्यांची तारीखही आत्ताच धरून ठेवायला सांगितलीये.