आमची वाटचाल: एका वहीत सगळे शिक्षक

नौपाड्यात भाड्याच्या गाळ्यात आमचा क्लास सुरू झाला तेव्हा तो ठाण्यातल्या इतर क्लासांसारखाच होता. भरलेली बॅच, फळा, दर महिन्याला चाचणी. पण नववीच्या बीजगणितात रखडणारी बरीच मुलं खरं तर पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांत अडलेली असतात. त्यांना नववीचं गणित कितीदाही सोडवून दाखवलं तरी गाडी पुढे सरकत नाही. म्हणून आम्ही इयत्तेऐवजी तयारी पाहून गट पाडले. एखादी मुलगी भूमितीला पुढच्या गटात बसते, बीजगणिताला मागच्या.

याला खरी अडचण आली ती पगाराची. आमच्याकडे शिक्षकांना बॅचमधल्या मुलांच्या संख्येवर पैसे मिळायचे. अशाने आपल्या बॅचमधलं मूल दुसऱ्या शिक्षकाच्या गटात कोण आनंदाने पाठवेल? आम्ही ठरावीक पगार सुरू केला. शनिवारी दुपारी सगळ्यांची बैठक असते आणि तिचेही पैसे देतो, कारण तेही शिकवण्याचंच काम आहे. प्रत्येक मुलाची एक वही स्टाफरूममध्ये असते, तिच्यात सगळे लिहितात. एकदा विज्ञानाच्या बाईंनी लिहिलं, ‘वाचताना ओळ सोडतो.’ त्या मुलाची शाब्दिक उदाहरणं का चुकतात, ते गणिताच्या सरांना तेव्हा उमगलं.

मुलांनी एकमेकांना शिकवावं यासाठी मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये आखलेली पद्धत आम्ही इतिहास-भूगोलाला वापरतो. धड्याचा एकेक भाग एकेकाकडे. तो नीट समजून घ्यायचा आणि आपल्या गटाला शिकवायचा. गणिताला मात्र ती वापरत नाही. तिथे एक पायरी कच्ची राहिली की पुढचं सगळं डळमळतं.

हे सगळं महागड्या ॲपशिवाय होत नाही, असं पालकांना वाटतं. मी त्यांना कोसबाडचं सांगते. डहाणू तालुक्यातलं ते गाव तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येईना, म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे तिचं नाव.

‘पोर्शन कधी संपणार?’ हा प्रश्न अजूनही येतोच. तेव्हा आम्ही वही उघडून पुढ्यात ठेवतो. दहावीला शेवटचे काही महिने मात्र सगळे एकत्र बसून बोर्डाच्या प्रश्नपत्रिका सोडवतात.

कळव्यात शाखा काढा, असा पालकांचा आग्रह आहे. तिथे शिकवणारे शिक्षक आधी इथल्या शनिवारच्या बैठकांना बसतील. गाळा त्यानंतर बघू.