मूठमाती, ९ सेकंद

"सर, जरा इकडे येता का? हेडफोन काढून या," टीम लीड म्हणाली, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्याकडे चूक झाली की मेल येतो, बोलावणं येत नाही.

मी समाजमाध्यमांवरच्या तक्रारी तपासतो. या कामाला मराठीत धड शब्द नाही. 'मॉडरेटर' म्हटलं की लोकांना चर्चासत्राचा सूत्रसंचालक वाटतो आणि 'सेन्सॉर' म्हटलं की भांडणच सुरू होतं. कुणीतरी पोस्टखाली 'तक्रार करा' दाबतं किंवा यंत्राला एखादा शब्द खटकतो, मग ती पोस्ट तिकीट बनून क्यूमध्ये लागते. ती माझ्यासमोर उघडते, मी पॉलिसीशी ताडून पाहतो आणि ठेवा, काढा, वर पाठवा यांपैकी एक बटण दाबतो. मराठीचा क्यू माझ्याकडे. त्याआधी नऊ वर्षं मी उपसंपादक होतो, त्यामुळे दुसऱ्याच्या मजकुराला कात्री लावण्याची सवय जुनीच. फरक एवढाच की तेव्हा ज्याचं कापलं तो दुसऱ्या दिवशी दारात येऊन शिव्या घालू शकायचा.

तिच्या स्क्रीनवर माझीच दोन तिकिटं शेजारी शेजारी उघडलेली होती. ऑडिटमध्ये निघालेली, सहा दिवसांपूर्वीची, एकाच पाळीतली.

पहिली पोस्ट: 'या माणसाला एकदाची मूठमाती द्या. खूप झालं.' खाली एका नेत्याचा फोटो.

दुसरी: 'यांना मूठमाती देण्याची वेळ आली आहे.' खाली दुसऱ्या नेत्याचा फोटो.

पहिली मी काढली होती. शेरा: 'हिंसेचं आवाहन.' दुसरी ठेवली होती. शेरा: 'वाक्प्रचार. अंत करणे, संपवणे या अर्थी. राजकीय टीका.'

दोन्ही शेरे माझेच. दुसऱ्यातला तर शब्दकोशातून उतरवल्यासारखा नेटका.

ते नेते कोण, कुठल्या पक्षाचे, हे सांगत नाही. सांगितलं तर निम्मे वाचक इथेच मला माफ करतील आणि उरलेले इथेच वाचणं सोडतील. यातल्या एकाला मी मत देतो आणि दुसऱ्याचा चेहरा टीव्हीवर दिसला की आवाज बंद करतो, एवढं पुरे. ज्याला मत देतो त्याच्या विरोधातली पोस्ट मी काढली होती.

"दोन्ही वेगळ्या आहेत," मी म्हणालो.

"कशा?"

"पहिलीत 'द्या' आहे. थेट आज्ञार्थ. दुसरीत 'वेळ आली आहे', म्हणजे मतप्रदर्शन." नऊ वर्षं व्याकरण तपासल्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

ती काही बोलली नाही. तिने माउस खाली नेला. आमच्या टूलमध्ये प्रत्येक तिकिटावर किती वेळ घेतला, काय काय उघडलं, सगळं नोंदलं जातं. पहिल्या पोस्टवर ९ सेकंद, उघडलं काहीच नाही. दुसऱ्या पोस्टवर ७१ सेकंद: लेखकाच्या आधीच्या पोस्ट उघडल्या, खालच्या प्रतिक्रिया उघडल्या, परत वर आलो, मग शेरा लिहिला.

व्याकरणाचा मुद्दा तिथेच संपला.

मला माझ्या आवडीनिवडी ठाऊक होत्या. म्हणूनच निर्णय घेताना मी स्वतःवर नजर ठेवतो, निदान तसं समजत होतो. पण नजर होती ती शेवटच्या क्षणावर, बोट बटणावर असतं तेव्हावर. घोटाळा त्याच्या खूप आधी झाला होता. नावडत्या नेत्यावरची पोस्ट आली तेव्हा लेखक निर्दोष असेल अशी मला आशा होती, म्हणून मी त्याच्या भिंतीवर गेलो, तो रोज 'मतदान करा' म्हणून लिहिणारा साधा माणूस आहे हे शोधून काढलं आणि खुशीने पोस्ट ठेवली. त्या ७१ सेकंदांत एकही चूक नाही. प्रत्येक तिकीट असंच तपासायला हवं. पहिल्या पोस्टच्या बिचाऱ्या लेखकासाठी संदर्भ शोधावा असं मला वाटलंच नाही. फोटो पाहिला, 'मूठमाती' वाचलं, झालं. पॉलिसी मी दोघांनाही लावली, पण त्यातल्या एकालाच वाचून.

टीम लीड वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, शिक्षण मानसशास्त्राचं. तिने प्रिन्स्टन आणि डार्टमथच्या सामन्याची गोष्ट सांगितली. १९५१ साली अमेरिकेतल्या या दोन विद्यापीठांत फुटबॉलचा सामना झाला, ते त्यांचं फुटबॉल, अंगावर जाण्याचं. खूप धसमुसळा झाला, दोन्हीकडचे खेळाडू जायबंदी झाले. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे जितके नियमभंग डार्टमथच्या मुलांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. १९५४ मध्ये ते छापून आलं.

"फिल्म एकच होती, सर."

"पण ती मुलं प्रेक्षक होती. मी पंच आहे."

"हो ना," ती म्हणाली. ते सांत्वन नव्हतं हे मला जागेवर परत आल्यावर कळलं.

अकरा वाजता कॅलिब्रेशन होतं. म्हणजे वादाची तिकिटं सगळ्यांसमोर ठेवून कुठल्या तिकिटाला काय लागू होतं ते ठरवण्याची बैठक. पलीकडून पॉलिसीवाले व्हिडिओ कॉलवर असतात. त्यांना मराठी येत नाही. यंत्राने केलेलं भाषांतर ते वाचतात, आणि त्यात दोन्ही पोस्ट 'यांना पुरून टाका' अशा झाल्या होत्या. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला: दोन्ही काढा. दोन्ही बाजूंना सारखा न्याय, विषय संपला.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. दोन्ही काढल्या असत्या तर माझी चूक 'एक चुकून राहिली' इतकीच उरली असती. कात्री सरळ रेषेत चालली की ती निःपक्षपाती दिसते आणि कात्री चालवणाऱ्याचीही अब्रू राहते.

तेव्हा माझ्या शेजारी बसणारा सहकारी बोलला. आम्ही दोघं राजकारणात दोन टोकांना आहोत, म्हणून कामाच्या वेळी त्यावर बोलत नाही. तो म्हणाला, "मग 'मुर्दाबाद' पण काढणार का?"

कॉलवर शांतता. भाषांतर आलं असावं. मुर्दाबाद म्हणजे शब्दशः 'मेलेला असो'. आपल्याकडे मोर्च्यातलं शेंबडं पोरही ही घोषणा देतं आणि कुणी मरत नाही.

मग त्याने इराणचं प्रकरण काढलं. तिथल्या आंदोलनात सर्वोच्च नेत्याविरुद्ध 'मर्ग बर खामेनी' अशी घोषणा होती, शब्दशः 'खामेनींना मृत्यू'. ती असलेली पोस्ट फेसबुकने काढली होती. फेसबुकची मालक कंपनी मेटा; तिचे असे निर्णय तपासणाऱ्या स्वतंत्र ओव्हरसाइट बोर्डाने जानेवारी २०२३ मध्ये तो निर्णय फिरवला: ही राजकीय घोषणा आहे, तिचा अर्थ 'चालते व्हा' असा घेतला जातो, धमकी असा नाही. मलाही एक जुना खटला आठवला आणि प्रायश्चित्त म्हणून मी तो सांगितला. १९६६ मध्ये अमेरिकेत एका अठरा वर्षांच्या मुलाने सभेत म्हटलं होतं की, मला सैन्यात घालून बंदूक हातात दिलीत तर पहिला नेम राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावर धरेन. त्याला शिक्षा झाली. १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ही धमकी नाही, राजकीय अतिशयोक्ती आहे, असं न्यायालय म्हणालं. त्या वाक्यात 'तर' होता आणि ऐकणारे हसले होते, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. वॉट्स खटला म्हणतात त्याला.

अर्थात अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपण्याचं ते बंधन सरकारवर आहे. खासगी कंपनी आपल्या मंचावर काय ठेवते हा वेगळा प्रश्न, आणि 'आमचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य चिरडलं' असं अपिलात लिहिणाऱ्या बहुतेकांना हा फरक माहीत नसतो. पण ऐकणारे हसले का, हे बघण्याची न्यायालयाची रीत आम्ही उचलायला हरकत नव्हती. द्वेषाच्या चिथावणीबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात कृती आराखड्यात हेच सहा प्रश्नांत मांडलंय: परिस्थिती काय, बोलणारा कोण, त्याचा हेतू काय, शब्द कसे, पोहोच किती आणि खरोखर इजा होण्याची शक्यता किती. माझ्या त्या ९ सेकंदांच्या माणसाला ते सहा प्रश्न लावले. अनुयायी दोनशेच्या आत. आधीच्या पोस्टमध्ये मतदार यादीत नाव कसं शोधायचं याची माहिती. हत्यार नाही, जागा नाही, वेळ नाही.

दोन्ही ठेवायच्या, असं ठरलं. 'मूठमाती'ची नोंद आमच्या शब्दयादीत झाली: 'बहुधा लाक्षणिक. ठिकाण, वेळ, हत्यार यांपैकी काही सोबत असल्यास वर पाठवा.'

बैठकीनंतर टीम लीडने एक प्रयोग केला. आमच्या दालनात फोन, कागद, पेन काहीच आणता येत नाही, त्यामुळे तिने वीस तिकिटं आम्हा दोघांना वाचूनच दाखवली. नेत्याच्या नावाच्या जागी 'अमुक'. "अमुकला भर चौकात उलटा टांगा." "अमुकच्या बुडाखाली फटाके लावा." असं ती अगदी बातम्या दिल्यासारखं वाचत होती. वीसपैकी सतरांवर आमचं एकमत झालं. मग तिने नावं सांगितली. उलटा टांगण्याची पोस्ट आम्ही दोघांनीही काढली होती आणि मला खात्री होती की ती माझ्या नेत्याबद्दल असणार, कारण असलं घाणेरडं तेच लिहितात. ती त्यांच्या नेत्याबद्दल निघाली. माझ्याच बाजूच्या कुणीतरी लिहिलेली.

आणखी एक तशीच उलटी निघाली. त्यावर शेजारचा सहकारी स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाला, "ही मी काल ठेवली असती रे."

त्या क्षणापर्यंत मी एका गोष्टीवर तगून होतो. आम्हाला दोन्ही बाजूंनी 'विकले गेलेले' म्हणतात आणि अपिलांत तर शब्दही सारखेच असतात. यावर अभ्यासही आहे. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या वॅलोन, रॉस आणि लेपर यांनी १९८२ च्या बैरूतमधल्या पॅलेस्टिनी छावण्यांतल्या हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या बातम्या इस्राएलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखवल्या. त्याच बातम्या आपल्याविरुद्ध आहेत असं दोघांनाही वाटलं. याचा मी सोयीचा अर्थ लावला होता: दोन्हीकडून शिव्या म्हणजे आपण मधोमध. पण शिव्या दोन्हीकडून येतच होत्या आणि मी तरीही कललेला होतो. त्या तशाही आल्याच असत्या.

दुपारी पुन्हा तोच शब्द आला. माझ्याच नेत्याबद्दल: 'हा ज्या घरात राहतो त्याचं हे फाटक. सकाळी सातला बाहेर पडतो. मूठमाती देणाऱ्याला आपला सलाम.' सोबत फाटकाचा फोटो.

आणि मी थांबलो. सकाळचे ९ सेकंद डोक्यात बसलेले. माझ्या माणसाबद्दल आहे म्हणून तर मला हे भयंकर वाटत नाही ना? लेखकाच्या भिंतीवर गेलो, प्रतिक्रिया वाचल्या, पुन्हा पोस्टवर आलो. कदाचित फाटक प्रतीकात्मक असेल, असाही विचार केला. आता लिहिताना लाज वाटते. घड्याळ तीन मिनिटांच्या पुढे गेलं.

शेजारचा सहकारी मान वळवून बघत होता. "अरे, फाटकाचा फोटो आहे, वेळ दिलीय. पाठव वर. माझ्या नेत्याचं असतं तर तू एव्हाना पाठवलं असतंस."

पाठवलं. वर गेलेल्या तिकिटाचं पुढे काय होतं, पोलिसांना कळवतात की नाही, आम्हाला सांगत नाहीत. ते तिकीट फक्त क्यूमधून नाहीसं होतं.

पाळी संपायच्या आधी टीम लीडने पहिल्या पोस्टच्या लेखकाचं अपील दाखवलं. पोस्ट काढली त्याच संध्याकाळी त्याने केलेलं, सहा दिवस रांगेत पडून राहिलेलं. बहुतेक लोक अपिलात नुसतं बटण दाबतात. याने लिहिलं होतं: 'मी मराठीचा शिक्षक होतो. मूठमाती देणे हा वाक्प्रचार मुलांना शिकवला आहे. तुमच्याकडे मराठी येणारं कुणी आहे का?'

मी ते दोनदा वाचलं.

पोस्ट परत गेली. तासाभरातच तिच्यावर पुन्हा कुणीतरी तक्रार केली, आणि क्यूची गंमत अशी की ती माझ्याच समोर आली. नियमाने दुसऱ्याकडे द्यायला हवी होती, आणि दिली. पण देण्याआधी खालच्या प्रतिक्रिया उघडल्या. एकच होती, त्याचीच.

'परत आली बरं का. मतदान काल झालं.'