हुयेच्या ढोलवाल्या बायका

आफ्रिकेतल्या रवांडात बाईने ढोलाला हात लावायचा नाही, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. ढोल म्हणजे राजसत्ता. तो पुरुषांनी वाजवायचा, बायकांनी फार तर त्यावर नाचायचं. १९६१ मध्ये राजेशाही गेली, पण रीत तशीच राहिली. आज इथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात साठ टक्क्यांहून जास्त खासदार बायका आहेत, हे ऐकून आपल्याकडचे लोक चकित होतात. मला जास्त नवल वाटतं ते त्या ढोलाचं.

ती रीत मोडली २००४ मध्ये, राजधानी किगालीच्या दक्षिणेला असलेल्या हुयेमध्ये. तेव्हा त्या शहराला बुतारे म्हणत. तिथल्या विद्यापीठाच्या कला केंद्रात काम करणाऱ्या नाटककार ओदिल गाकिरे कातेसे यांनी फक्त बायकांचं ढोलपथक उभं केलं: ‘इंगोमा न्श्या’. ढोल जड असतात, बायकांना झेपणार नाहीत, असं तेव्हा पुरुष म्हणत. हे वाक्य पुण्या-मुंबईच्या ढोलपथकांतल्या मुलींनीही कधीतरी ऐकलेलं असणार.

हे बुतारेत घडलं, याला फार अर्थ आहे. एप्रिल १९९४ मध्ये बहुसंख्य हुतू समाजातल्या कट्टरांनी देशभर अल्पसंख्य तुत्सींची कत्तल सुरू केली, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस हा प्रांत शांत होता. तिथला प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाधिकारी म्हणा, त्या वेळी देशातला एकमेव तुत्सी प्रीफेक्ट होता आणि त्याने कत्तल थोपवून धरली होती. त्याला पदावरून काढलं आणि पुढे मारलंही. मग बुतारेतही तेच झालं. शंभर दिवसांत देशात सुमारे आठ लाख माणसं गेली. मारणारे परके नव्हते, बऱ्याचदा शेजारीच होते. नंतर त्याच आळ्यांत, त्याच बाजारात या बायकांना राहायचं होतं. कुणाचं अख्खं घर संपलेलं, कुणाचा नवरा खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात. अशा दोन्हीकडच्या बायका या पथकात एकत्र आल्या.

हे ढोल आपल्यासारखे कमरेला बांधत नाहीत. खाली उंच झाडाच्या खोडासारखे उभे ठेवतात, वर गाईचं कातडं ताणलेलं, आणि दोन्ही हातांत काठ्या. सगळ्यात लहान ढोल ‘इशाक्वे’. आपल्या ताशासारखं त्याचं काम: लय तो धरतो, बाकीचे मोठे ढोल त्याच्यावर चालतात. मोठ्यांचा घुमारा पोटात जाणवतो. पण ऐकताना माझं लक्ष बायकांच्या नजरेकडे जातं. प्रत्येकीचं लक्ष शेजारणीच्या हाताकडे असतं. तिचा ठोका कधी पडतो ते बघितल्याशिवाय आपला टाकता येत नाही. वाजवता वाजवता त्या जागा बदलतात, एकमेकींच्या ढोलावर जातात, मोठ्याने हसतात.

‘क्षमा करा’ असं कुणी कुणाला सांगायचं? सांगायचा अधिकार तरी कुणाचा? मला स्वतःला हे पथक म्हणूनच पटतं. तिथे कुणी माफी मागायची वा द्यायची अट नाही. तू कोण, हुतू की तुत्सी, हा प्रश्न इथे आता चारचौघांत विचारतही नाहीत. बेल्जियन राजवटीत १९३० च्या दशकात ओळखपत्रावर लिहायला लागलेली ती जात १९९४ नंतर काढून टाकली. पण कागदावरून गेलेलं मनातून जायला काहीतरी रोजचं, एकत्र करायचं काम लागतं. तालीम हे तसं काम आहे.

आणि पोटाचाही प्रश्न होताच. २०१० मध्ये या बायकांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या दोन आईस्क्रीमवाल्या बायकांच्या मदतीने गावात आईस्क्रीमचं दुकान काढलं, ‘इन्झोझी न्झिझा’. इथल्या बऱ्याच जणांनी तोवर आईस्क्रीम चाखलंही नव्हतं. शांततेवर बोलणाऱ्या परिषदा किगालीत वरचेवर होतात, आणि त्या व्हाव्यातही. पण माझा जास्त विश्वास या दुकानावर आहे, कारण दुकानाचा हिशेब दोन्हीकडच्या बायकांना मिळूनच करावा लागतो.