कॉलर गेली, पाठ शाबूत

सोलापुरी चादर विरते ती सगळीकडून, वर्षानुवर्षं, सावकाश. शर्टाचं तसं नाही. तो ठरलेल्या जागीच जातो. आधी कॉलरची घडी दशा सोडते, मग कफाची कड, मग कोपर. काखा पिवळ्या पडतात, त्याला आपल्याकडचा उन्हाळा समर्थ आहे. पाठ आणि पोटाकडचा भाग मात्र धुऊन धुऊन मऊ झालेला, पण शाबूत. तरी अख्खा शर्ट बोहारणीच्या गाठोड्यात जातो, नाहीतर गाडी पुसायला. त्यापेक्षा त्या शाबूत कापडातून लहान मुलीचा फ्रॉक शिवावा.

गणवेश शिवणाऱ्या सोलापूरला तरी सांगायला नको की शर्टातलं खरं जिकिरीचं काम म्हणजे काजपट्टी, बटणं अडकवायच्या भोकांची पट्टी. बाराबंदीला हा त्रास नाही, बंद बांधले की झालं. शर्टाला मात्र एका रेषेत सहा-सात काजं लागतात, आणि जुन्या शर्टात ती आयती मिळतात. म्हणून शर्ट पूर्ण उसवत बसणं हा वेडेपणा. बारीक टीप उसवताना विरलेलं कापड सुईच्या भोकांवरूनच फाटतं. कडेच्या दुहेरी टिपा सरळ कापून टाकाव्यात. अर्धा इंच जातो, तास वाचतो.

दोन वर्षांच्या मुलीचा बिनबाह्यांचा फ्रॉक घ्या. ४० मापाचा सुती शर्ट पुरतो. टेरिकॉट नको, पारा ४० च्या वर गेला की त्यात पोर उकडून निघेल. आधी शर्ट उजेडाला धरून बघायचा. जिथून बोटं स्पष्ट दिसतील तो भाग सोडायचा. मग सगळी बटणं लावून शर्ट पसरायचा. खांदे जुळवू नयेत, खालची कड जुळवावी, कारण पाठ बहुधा पुढच्या भागापेक्षा जराशी लांब असते. पट्टीचा मध्य पाठीच्या मध्यावर आणायचा.

आता शर्टाची पाठ फ्रॉकची पुढची बाजू होते आणि काजपट्टी मागे जाते. उंची साधारण १८ इंच, खालच्या कडेपासून वर मोजायची. छाती २१, सैलपणा ३, म्हणजे चौथाई ६ इंच. अर्धा इंच शिलाईला. मुंडा, म्हणजे हात घालायचा गोल, ५ इंच. खाली घेराची चौथाई साडेआठ. शर्टाची गोलाई कडेला जास्त असते आणि तीच कापली जाते, त्यामुळे खालच्या कडेची मधली दुमड जवळजवळ सरळ उरते. खालची तुरपाईही वाचली!

घोटाळा होतो तो गळ्यापाशी. कापायची रेघ नेमकी काजावर आली तर पट्टी तिथेच उसवते; बटणावर आली तर मशीनचा पाय अडतो. वरचं बटण रेघेखाली पाऊण इंचावर असावं. तसं येत नसेल तर उंची इंचभर वाढवावी, पोर वाढतंच. इथे माप बटणाच्या जागेवरून ठरतं. पट्टीत कापडाचे थर जास्त; त्यावरून १४ नंबरची सुई भरधाव नेली तर मोडते. तेवढे टाके चाक हाताने फिरवून घ्यावेत.

गळ्याला आणि मुंड्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, सव्वा इंच रुंद. ती बाहीच्या वरच्या भागातून काढावी, कोपर टाळून. लावताना जरा ताणून धरावी. सैल लावली तर गळा उभा राहतो. टाका फार बारीक नको, आणि जाड पॉलिस्टर दोरा तर नकोच. जुन्या सुताला तो करवतीसारखा कापतो आणि टिपेशेजारी कापड फाटतं. दोष मात्र शिवणारीला लागतो!

राहिला खिसा. तो कापण्याआधीच काढून ठेवावा. नाहीतर मागच्या बाजूला खांद्याखाली अर्धामुर्धा येतो. वरची दुमड तशीच ठेवून साडेतीन इंचांचा करून पुढे लावला की छान दिसतो. त्याच्या जुन्या जागी मात्र न विटलेला गडद तुकडा उरतो. चौकड्यांत तो हरवून जातो, पांढऱ्यात कुणाला कळत नाही. निळ्या शर्टाच्या फ्रॉकवर मात्र पोर पाठमोरी पळाली की हमखास दिसतो.