लिनक्स अपडेटनंतर लॅपटॉपचा आवाज गेला, तेव्हा

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमची नवी आवृत्ती लॅपटॉपवर चढवली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि आवाज गायब. स्पीकरच्या चिन्हावर फुली नव्हती, व्हॉल्यूमची पट्टी नीट सरकत होती. पण साऊंड सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी ‘डमी आउटपुट’ एवढंच दिसत होतं. म्हणजे सिस्टमला साऊंड कार्डच सापडत नव्हतं.

माझं काम आवाजावरच चालतं. नवी मुंबईतल्या घणसोली, कोपरखैरणे भागातल्या धवलारिणी लग्नात जे धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी म्हणतात, त्यांची रेकॉर्डिंग मी ऐकून लिहून काढते. मागे ताशा वाजत असतो, आजूबाजूला बायका बोलत असतात, त्यामुळे एकेक ओळ मागेपुढे करत ऐकावी लागते. मोबाईलवर ते जमत नाही. त्यामुळे हे दुखणं लांबवणं शक्य नव्हतं.

वाशीला कामानिमित्त गेले होते, तिथे एका दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप दाखवला. “ताई, स्पीकरची आयसी गेलेली दिसते. बोर्ड काढून बघावा लागेल, दोन दिवस ठेवून जा,” असं उत्तर मिळालं. मला ते पटलं नाही. अपडेटच्या आदल्या रात्रीपर्यंत स्वच्छ वाजणारा भाग नेमका अपडेटच्याच वेळी कसा जाईल? लॅपटॉप घेऊन घरी आले.

ब्लूटूथ हेडफोन लावून पाहिले तर गाणं व्यवस्थित वाजलं. ब्लूटूथचा आवाज लॅपटॉपच्या साऊंड कार्डातून जात नाही, म्हणून यावरून स्पीकर ठीक आहेत असं म्हणता येत नाही. आवाज सांभाळणारा प्रोग्राम जिवंत आहे, इतकंच कळतं. खरा निकाल पुढच्या तपासणीत लागला. अपडेटनंतरही जुना कर्नेल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा, सहसा मशीनवर राहतो. सुरू होताना, लिनक्स चालू करून देणाऱ्या ‘ग्रब’ या प्रोग्रामच्या मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये गेलं की तो निवडता येतो. माझ्याकडे जुना ४.१९ होता आणि नवा ५.१०. जुना निवडला, आणि लॅपटॉप बोलायला लागला! आयसी, स्पीकर, बोर्ड सगळं शाबूत. कुणालाही पैसे देण्याआधी ही तपासणी करावी, असं मी आता प्रत्येकाला सांगते. पाच मिनिटांचं काम आहे आणि स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

मग नव्या कर्नेलमध्ये परत येऊन टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘डीमेसेज’ चालवलं. मशीन सुरू होताना कर्नेल काय काय करतो, त्याच्या नोंदी यात येतात. शेकडो ओळी असतात, त्यातल्या साऊंडच्या तेवढ्या गाळून घेतल्या. एक ओळ सांगत होती की डिजिटल माइक सापडले, म्हणून ‘सॉफ’ हा ड्रायव्हर, म्हणजे साऊंड कार्ड चालवणारा प्रोग्राम, वापरतो आहे. तिच्या खाली, फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लोड झालं नाही, एरर उणे २. लिनक्सच्या भाषेत उणे २ म्हणजे फाइलच जागेवर नाही.

इथे सगळा उलगडा झाला. सॉफ म्हणजे साऊंड ओपन फर्मवेअर, २०१८ मध्ये सुरू झालेला प्रकल्प. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आवाजासाठी वेगळा छोटा प्रोसेसर असतो आणि आतले डिजिटल माइक त्यालाच जोडलेले असतात. जुना कर्नेल त्या प्रोसेसरला बगल देऊन साध्या ड्रायव्हरने स्पीकर वाजवायचा. नव्याने माइक ओळखले आणि सॉफची वाट धरली. पण त्या प्रोसेसरला लागणारं फर्मवेअर माझ्याकडे कधी बसवलेलंच नव्हतं, कारण आजवर त्याची गरज पडली नव्हती. या फर्मवेअरचा सोर्स खुला आहे, तरी बहुतेक लॅपटॉपमधली चिप फक्त चिप बनवणाऱ्या कंपनीच्या सहीची फाइलच स्वीकारते. म्हणून काही लिनक्स प्रणाली तेव्हा ते ‘नॉन-फ्री’ या वेगळ्या विभागात ठेवायच्या, आणि तो विभाग चालू केलेला नसेल तर ते आपोआप यायचं नाही. या तत्त्वाचा मला आदरच आहे. फक्त अपडेट होतानाच तशी स्पष्ट सूचना मिळायला हवी होती.

तो विभाग चालू केला, सॉफ फर्मवेअरचं पॅकेज टाकलं आणि नुसतं रिस्टार्ट न करता मशीन पूर्ण बंद करून सुरू केलं. डमी आउटपुट जाऊन स्पीकर दिसले, पण आवाज नव्हताच. आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा ‘अल्सामिक्सर’ हा प्रोग्राम उघडल्यावर मास्टरच्या पट्टीखाली ‘एमएम’ अशी अक्षरं होती, म्हणजे म्यूट. कीबोर्डवर एम दाबलं, तिथे ‘ओओ’ आलं आणि स्पीकरमधून ताशा सुरू झाला.

आतला माइक नकोच असेल, तर कर्नेलला जुन्याच ड्रायव्हरने चालायला सांगता येतं: ‘एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी’ या मॉड्यूलचा, म्हणजे कर्नेलच्या सुट्या भागाचा, ‘डीएसपी_ड्रायव्हर’ हा पर्याय १ करायचा. स्पीकर लगेच वाजतात. मी ते केलं नाही, कारण लिनक्सवर कधीच न चाललेला माझा माइक या फर्मवेअरमुळे चालू झाला. आता एखादी ओळ अडली की धवलारीण मावशीला लॅपटॉपवरूनच व्हिडिओ कॉल लावते, मावशी ती ओळ म्हणून दाखवते आणि ते तिथल्या तिथे रेकॉर्ड होतं.