अलिबाग ते रत्नागिरी: चेन ऑइलरला स्वस्तातलं कुठलं तेल?

सागरी मार्गाने मोटारसायकल काढली की चेनच्या मागे तिघं लागतात: खारा वारा, पुळणीची वाळू आणि जांभ्याची तांबडी धूळ. ऑक्टोबरात परतीची एखादी सर वेगळीच. रोज मुक्कामी पोचल्यावर अंधारात चेनवर स्प्रे मारत बसायचा मला मनस्वी कंटाळा, म्हणून यंदा ऑइलर, म्हणजे चालत्या गाडीत चेनला थेंब थेंब तेल देणारी नळी, लावून निघालो. इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा, गाडी बंद की तेल बंद, असा स्कॉटऑइलर मिळतो. पण तो बाहेरून मागवायचा खर्च मला झेपणारा नव्हता. छोटी बाटली, मेडिकलमधला सलाइनचा सेट आणि चार झिपटाय, एवढ्यात काम झालं.

तेलाबद्दल माझं मत ठाम आहे: ईपी ९० गिअर ऑइल घ्या आणि विषय संपवा. कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, ब्रँडप्रमाणे लिटरला ३००-४०० रुपयांच्या आसपास. मिनिटाला एक थेंब धरला तर सात तासांच्या रायडिंगला ४२० थेंब, म्हणजे फार तर २० मिली. एक लिटर किती पुरेल ते तुम्हीच बघा. ओ-रिंगच्या, म्हणजे सांध्यांत रबरी रिंगा असलेल्या चेनमध्ये पिन आणि बुशमधलं ग्रीस कंपनीतूनच सील होऊन येतं. बाहेरचं तेल रोलरसाठी, गंज धरू नये म्हणून आणि रिंगा सुकू नयेत म्हणून. त्याला महागडं काही लागत नाही.

घरात २०डब्ल्यू५० इंजिन ऑइल उरलं असेल तर तेही चालेल. ९० हा आकडा मोठा दिसतो म्हणून गिअर ऑइल दुप्पट घट्ट असतं असं नाही. दोघांची मोजपट्टीच वेगळी, गरम झाल्यावर दोन्ही जवळपास सारखीच वाहतात. लाकूडतोडीच्या चेनसॉचं तेल काही जण वापरतात. ते चिकट असतं, चेनला धरून राहतं, पण तोच चिकटपणा इथे नडतो: वाळू धरून ठेवतो आणि बारीक नळीतून नीट उतरत नाही. थेंब सतत पडणार असेल तर पातळ तेल धुळीसकट उडून जाणंच बरं. गॅरेजमधलं फुकटचं काळं ऑइल मात्र नको. त्यात धातूचा कीस असतो.

नळीचं टोक मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्राच्या बाजूला, खालच्या अंगाला टेकवा. चाक फिरलं की तेल आपोआप बाहेरच्या दातांकडे सरकतं. चेनवर थेट सोडलं तर अर्धं रिमवर जातं. पहिल्या तासाभरात थांबून टायरची कड बोटाने पुसून बघा. बोट तेलकट झालं तर सलाइनच्या नळीवरची, थेंब कमी-जास्त करायची चाकी आवळा.

दिवेआगर ते श्रीवर्धन शेखाडीवरून जा, रस्ता समुद्राला खेटून आहे. वारा असला तर तुषार थेट गाडीवर येतात, तेवढा पट्टा थेंब थोडा वाढवा. दापोलीकडे सकाळच्या गारव्यात थेंब मंदावतो आणि दुपारी उन्हात तेच तेल भराभर उतरतं. सलाइनच्या सेटचा फायदा इथे कळतो: थेंब डोळ्यांना दिसतो, घड्याळ लावून मोजता येतो.

खरी काळजी फेरीबोटींची. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार खाड्या बोटीने ओलांडायच्या. आपला ऑइलर गाडी बंद केली तरी गळतच राहतो आणि बोटीच्या ओल्या पत्र्यावर तेल म्हणजे मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला आडवा करणं. त्यामुळे जेटी दिसली की चाकी बंद. दाभोळला तिकीटवाल्याने वाकून नळी न्याहाळली आणि विचारलं, "आजारी हाय काय गाडी?"

रत्नागिरीत चेन बघितली तर गंजाचा ठिपका नव्हता, ताणही तसाच होता. स्प्रॉकेटवर तांबूस काळं किटण साचलेलं, ते रॉकेलच्या फडक्याने निघालं. रॉकेल नाही मिळालं तर डिझेल चालतं, पेट्रोल नको. ओ-रिंगा खराब होतात. सलाइनची नळी तेलाने हळूहळू कडक होते, म्हणून एक जादा सेट टँकबॅगेत ठेवा.